शंका शेवटी

"मानवजातीच्या इतिहासात महत्त्वाचे दिवस तीनच," टेबलावर दोन्ही तळवे टेकवत प्राध्यापक म्हणाले. "विस्तव सापडला तो, चाक सापडलं तो, आणि आजचा!"

आजच्या दिवशी मात्र प्रोजेक्टरची वायर सापडत नव्हती. पाऊण तासाने ती सरांच्याच खुर्चीच्या पायाखाली सापडली, तोवर मानवजातीचा तास संपला होता.

मागच्या बाकावर शिक्केबाई बसल्या होत्या. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सव्वीस वर्षं गुणपत्रिकांवर शिक्के मारून त्यांना हे नाव पडलं होतं, आणि आता घरचे लोकही क्वचितच दुसरं वापरत. 'कृत्रिम बुद्धिमत्ता : प्रस्तावना' शिकायला आलेल्या साठ मुलांत पन्नाशी उलटलेल्या त्या एकट्या. हौसेने आल्या नव्हत्या. परिपत्रक निघालं होतं की यापुढे हा विषय पास असेल त्याचाच बढतीसाठी विचार होईल. हेडक्लार्कची खुर्ची वर्षअखेरीला रिकामी होणार होती आणि बाईंच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. दाराजवळच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याचे धक्के आणि वाऱ्याचा झोत खात निवृत्त व्हायचं, की हेडक्लार्कच्या खुर्चीत भिंतीला टेकून, एवढाच काय तो प्रश्न.

"या वयात यंत्राला अक्कल शिकवणार?" घरी नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला तीस वर्षं शिकवतेय. त्यापेक्षा अवघड नसावं."

अवघड नव्हतंच, कारण सर शिकवतच नव्हते. विषयाच्या नावातली प्रस्तावना त्यांनी मनावर घेतली होती. दर तासाला नवी प्रस्तावना. यंत्र उद्या काय काय करेल, हे ते डोळे मिटून सांगत; आणि पाचव्या मिनिटाला वर्गही डोळे मिटून ऐके. कुणी हात वर केला की सरांचं ठरलेलं उत्तर असे, "शंका शेवटी." शेवटी घंटा होई.

सगळे गुण प्रकल्पावर होते. प्रकल्प सरांनीच दिला. वर्ग जागा आहे की झोपलेला, हे फोटोवरून ओळखणारं यंत्र. ते प्रत्येक वर्गात बसवलं, की प्राध्यापकांना मुलांकडे बघण्याचा त्रास उरणार नव्हता. फळ्याच्या वर कोपऱ्यात कॅमेरा होताच. तो मिनिटाला एक फोटो काढी, त्यात सगळे बाक येत आणि खालच्या कडेला सरांचं टेबलही येई. अशा हजारो फोटोंवर 'जागा' किंवा 'झोपलेला' अशी चिठ्ठी लावायची आणि ते यंत्राला दाखवत राहायचं. पुढचं ते आपोआप शिकतं म्हणे.

बाईंच्या जोडीला एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे झटपट म्हणत.

"काकू, डोळे मिटून बटणं दाबत सुटू ना. कोण तपासतंय?"

"मी," बाई म्हणाल्या. "दिसेल तेच लिहायचं. असायला हवं ते नाही."

परीक्षा विभागाच्या शिस्तीने दोघींनी एकेक फोटो वेगवेगळा तपासला, मग चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी बाईंचा हात थांबला.

"अगं, सर यायच्या आधीचे सगळे फोटो जागे. सर आले की झोपलेले. वर्ग जागा असून सर फोटोत आहेत, असा एक तरी सापडला का तुला?"

"एक होता. त्यात सर खुर्चीवरून पडले होते."

बाईंनी सरांच्या खोलीत जाऊन सांगायचा प्रयत्न केला. "सर, फोटोंमध्ये जरा गडबड वाटते."

"बाई, शंका शेवटी."

यंत्र शिकून तयार झालं. त्याच वर्गाचे राहिलेले फोटो दाखवले, तर शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी प्रात्यक्षिकाला थेट कुलगुरूंनाच बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण बोलावणं गेल्यावर कोण काय करणार?

त्या दिवशी कुलगुरू पहिल्या बाकावर येऊन बसले आणि मागचा अख्खा वर्ग पाठी ताठ करून, डोळे ताणून बसला. कुणी पापणी हलवेना. सर टेबलामागे उभे राहिले आणि बटण दाबलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटलं : 'वर्ग झोपलेला'.

सर हसले. "गरम व्हायला वेळ लागतो." बाजूला होऊन त्यांनी वायर तपासली. 'वर्ग जागा'. ते समाधानाने परत टेबलामागे आले. 'वर्ग झोपलेला'.

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सरांचा चेहरा लाल झाला.

"चिठ्ठ्या कोणी लावल्या?"

"मी लावल्या, सर," शिक्केबाई उभ्या राहिल्या.

"नापास! बसा खाली."

बाई बसल्या नाहीत. भिंतीजवळची खुर्ची डोळ्यांसमोरून चालली होती, आणि ती उभ्यानेच नीट दिसत होती.

"थांबा, थांबा," कुलगुरू उठले. "यंत्राला बोलणाराही तसा लागतो. मी दोन शब्द बोलतो, मग बघा." आजवर आपल्या भाषणात कुणी झोपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण ते कागदावरून डोळे उचलत नसत. ते टेबलामागे गेले, घसा खाकरला आणि भिंतीकडे पाहिलं.

'वर्ग झोपलेला'.

 

"काही... शंका?" कुणीतरी काही बोलावं म्हणून कुलगुरूंनी विचारलं.

"आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "दोन महिने आहे. हे यंत्र झोप बघतच नाही. टेबलामागे माणूस उभा आहे का, तेवढंच बघतं. आमच्या फोटोंत तिथे माणूस असला की वर्ग झोपलेला, मग त्याला वाटलं झोप म्हणजे हेच. बाकांवर पोरांऐवजी पाटेवरवंटे ठेवले, तरी वर्ग झोपलेलाच म्हणेल."

"म्हणजे माझ्या भाषणाचा दोष नाही!"

"ते यंत्राला माहीत नाही, साहेब."

"आणि हे तुम्हाला या वर्गात शिकवलं?"

"परीक्षा विभागात. शंभर पेपरांत तीच ती चूक दिसली की पोरांना दोष देत नाही आम्ही. त्यांनी उतरवलं कुणाचं, ते बघतो."

झटपटने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. कुलगुरूंना एवढं चटकन कळलं की बाई नापास झाल्या, तर त्यांचं म्हणणं खोटं पडतं आणि आपल्यापुढे वर्ग झोपतो हे यंत्राचं म्हणणं खरं ठरतं. "यांना पास करा," ते म्हणाले. "आत्ता."

सरांनी ओठ आवळून गुणांचा तक्ता पुढे केला. सही शाईची लागे. सरांनी खिसे चाचपले. "माझं सगळं काम पडद्यावर चालतं, पेन ठेवत नाही मी." कुलगुरूंनीही चाचपले. विद्यापीठ गेल्याच वर्षी कागदमुक्त झालं होतं.

बाईंनी पर्स उघडली. त्यांचं पेन एरवी टेबलाला दोऱ्याने बांधलेलं असे, कारण सव्वीस वर्षांत साहेबलोकांनी नेलेलं एकही परत आलं नव्हतं. आज परीक्षा म्हणून दोरा सोडून आणलं होतं.

कुलगुरूंनी तक्त्यावर 'पास' लिहिलं, सही ठोकली, सरांचीही घेतली, टोपण लावलं आणि पेन स्वतःच्या खिशात अडकवलं. मग वर्गाकडे वळून हात पसरले. "मित्रहो, आजपासून एक नवं युग! कागद जाईल, पेन जाईल, कारकून—"

"साहेब," शिक्केबाई म्हणाल्या, "पेन तेवढं द्या."