सतरा आजारी पिस्तुलं

तीन गोळ्या सुटल्या आणि चौथीने नाही म्हटलं. तिसरीची रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या खिडकीत उभीच राहिली, निघते निघते म्हणत दारात तासभर बोलणाऱ्या पाहुणीसारखी. तिच्यामागे चौथी तिरकी अडकलेली. डॉक्टरने पिस्तूल मोकळं करून टेबलावर ठेवलं आणि वहीत लिहिलं : ‘क्रमांक सतरा. तेच.’

डॉक्टर म्हणजे पोलीस खात्याच्या शस्त्रागारातला मिस्त्री. चौतीस वर्षं तो पिस्तुलं दुरुस्त करत होता. समोर आलेल्या पिस्तुलाला आधी “काय होतंय?” असं विचारायची सवय, म्हणून डॉक्टर. शस्त्रागारात तो एकटाच, घरीही एकटाच. त्यामुळे दिवसभरात त्याने विचारलेल्या बहुतेक प्रश्नांना उत्तर येत नसे, आणि त्याचीही त्याला सवय झालेली.

चार वर्षांपूर्वी गोळीबाराच्या मैदानाची मागची भिंत पडली. भिंत बांधायची की मैदान हलवायचं यावर एक समिती बसली, ती अजून उठली नव्हती. तेव्हापासून शिपाई पिस्तुलं कमरेला लावून हिंडत आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला जमा करत. गोळी झाडणारा डॉक्टर एकटा, शस्त्रागाराच्या मागच्या खोलीत, वाळूच्या ढिगात. चार वर्षं अख्ख्या खात्याच्या वतीने तो एकटाच लढत होता, आणि शत्रू वाळू होती.

यंदा मात्र पिस्तुलं एकेक करून आजारी पडू लागली. डॉक्टरचा नियम साधा होता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोषी कोण ते कळतं. गोळी आत शिरताना अडते? गोळ्या भरायचं मॅगझिन बदलून बघा, त्याचे ओठ वाकले असतील. नाही? नळीच्या तोंडाशी असलेली उतरण पुसून काढा. पुंगळी बाहेर येत नाही? तिला ओढणारी बारीक नखी बघा, तिच्याखालचा मळ बघा, तिची स्प्रिंग बघा. मग मोठी स्प्रिंग. मग गोळ्यांची नवी पेटी. डॉक्टरने सगळं ओळीने केलं. क्रमांक नऊ तर नळी आणि सांगाडा सोडून अख्खं नवं झालं, आणि नव्याच्या जोमाने चौथ्या गोळीला अडलं.

शेवटी त्याने साहेबांना कळवलं. साहेबांचा निर्णय तयारच होता.

“सतराच्या सतरा भंगारात काढा. उद्या भंगार वितळवायच्या भट्टीची गाडी येतेय, त्यातच चढवा.”

“साहेब, सतरा पिस्तुलं एकदम कशी बिघडतील?”

“साथ असेल. डॉक्टर तुम्ही, मला काय विचारता?”

साहेब हसले नाहीत, त्यामुळे डॉक्टरलाही हसता आलं नाही.

भंगाराच्या कागदावर नेमबाजी शिकवणाऱ्या मॅडमचीही सही लागत होती. मॅडम सहा महिन्यांपूर्वी बदलून आल्या होत्या आणि मैदान नसल्यामुळे फळ्यावर पिस्तूल काढून शिकवत होत्या.

“काका, सही करते, पण आधी एकदा मारून बघू का? खडूने मारून मारून कंटाळा आलाय.”

त्यांनी क्रमांक सतरा उचललं. आठ गोळ्या आठ उचक्यांसारख्या सुटल्या. पुंगळ्या उजवीकडच्या भिंतीवर टणाटण आपटल्या. मग क्रमांक नऊ, त्यातूनही आठ. मग क्रमांक दोन. आठ. डॉक्टर वहीत लिहीत होता. पाचव्या पिस्तुलानंतर त्याने लिहायचं थांबवलं.

“ठणठणीत आहेत की हो,” मॅडम म्हणाल्या. “आता तुम्ही मारा बरं.”

डॉक्टरने त्याच क्रमांक नऊने मारलं. तीन सुटल्या. पुंगळी खिडकीत उभी.

मॅडम पिस्तुलाकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या.

“काका, तुमचा हात...”

“मागे जातोय,” डॉक्टर म्हणाला.

गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाची वरची सरकती पट्टी, मागे जाते. पिस्तूल धरणारा हात तेव्हा खुंटीसारखा राहायला हवा. हातही तिच्याबरोबर मागे गेला, तर तिचा जोर वाटेतच संपतो आणि पुंगळी अर्ध्यात राहते. भरतीच्या किती पोरांची मनगटं डॉक्टरने यासाठी धरून सरळ केली असतील, मोजदाद नाही. सगळं बदलून बघितलं होतं त्याने. एकच गोष्ट सतराही वेळा तीच राहिली होती.

वर्षभर घरातल्या बरण्यांची झाकणंही फार घट्ट येत होती. त्याने लोणच्याच्या कंपनीला दोन पत्रं लिहिली. कंपनीने क्षमा मागून एक बरणी फुकट पाठवली, तीही उघडली नाही. बायको असती तर “आणा इकडे” म्हणून तिने ती उघडली असती, आणि गोष्ट तिथेच कळली असती. घरात दुसरा हात नसला की दोष कायम झाकणाचाच असतो.

“गोळ्या खराब होत्या असं लिहू,” मॅडम हळूच म्हणाल्या. “ती पेटी संपली, कोण बघतंय? पिस्तुलं वाचतील, तुमचं टेबलही वाचेल. नाहीतर तुम्हाला गोदामात टाकतील, घोंगड्या मोजायला.”

“टाकतील. ज्याला चाचणी घेता येत नाही त्याला टेबल नाही. हा हुकूम मीच सगळ्यांना वाचून दाखवायचो.”

“म्हणूनच म्हणते.”

“आणि अठरावं आलं की त्याला काय सांगू?”

डॉक्टरने भंगाराचा कागद बाजूला सारला आणि तपासणीचा नवा कागद घेतला. ‘बिघडलेला भाग’ या रकान्यात लिहिलं : उजवं मनगट. ‘उपाय’ या रकान्यात पेन थोडं घुटमळलं. मग लिहिलं : सुटा भाग उपलब्ध नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला.

“हा भाग कुठल्या पिस्तुलात असतो?”

“सगळ्यांत असतो, साहेब.”

साहेबांनी मान डोलावली आणि शिक्का मारला. माहीत नाही असं म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. शिक्का मारून झाल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग बराच वेळ डॉक्टरच्या हाताकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी भट्टीची गाडी रिकामी गेली. सतरा पिस्तुलांची रीतसर चाचणी बाकी होती. ती मॅडमनी घ्यायची, आणि मॅगझिन भरून द्यायची डॉक्टरने, गोदामात जायच्या आधी.

पहिलं मॅगझिन त्याने मांडीवर टेकवलं. सहा गोळ्या सरळ गेल्या. सातवीला आतली स्प्रिंग तटून बसली, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताचा अंगठा पहिल्यावर ठेवून दाबलं. मग आठवी घेतली. ती दोनदा निसटून मांडीवर पडली.

मॅडम हात पुढे करू शकल्या असत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाळूच्या ढिगाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“सावकाश होऊ द्या, काका,” त्या वाळूला म्हणाल्या. “मला काही घाई नाही.”