तक्त्यावरचे ‘हे’ भोसले

मित्रांनो, मी इतिहास आहे. साम्राज्ये माझ्या अंगावर उगवली आणि माझ्याच अंगावर मावळली. सातवाहनांपासून स्वातंत्र्यापर्यंत सारे काही माझ्यात सामावले आहे.

माझी लांबी चार फूट. वर-खाली लाकडी दांडी, पाठीला कापड. १९४७ नंतरचा भाग उंदराने खाल्ला, त्यामुळे माझ्या मते देश स्वतंत्र झाला आणि लगेच संपला.

छापखान्यातून मी वर्ध्याजवळच्या आंजी (मोठी) गावच्या शाळेत आलो तेव्हा मला हार घातला होता. हा तक्ता पिढ्या घडवील, असे हेडमास्तर म्हणाले. मी तयारच होतो. पण पिढ्या घडवताना मी फाटेन, या काळजीने त्यांनी मला गुंडाळून कपाटावर ठेवले. वर्षातून एकदा, साहेब तपासणीला आले की मला टांगत. साहेब माझे फार कौतुक करत. पुढे साहेब यायचे थांबले. मग माझी दखल घेतली ती उंदराने.

मला खाली काढले हर्षाने. नागपूरहून सून होऊन आलेली, इतिहासात बी.ए. झालेली मुलगी. शाळा सुटली की त्याच वर्गात ती मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवू लागली. अक्षरे झाली, पण पुस्तकातले ससे-कासव वाचायला अडुसष्ट वर्षांच्या अण्णाजींनी साफ नकार दिला. ते म्हणाले, “ससा माह्या वावरात रोज येते. त्याच्याबद्दल मले पुस्तकातून काय समजणार हाये?”

हर्षाने मग मला खिळ्याला लटकवले. वाकाटक म्हणजे कोण, तर आपल्याच मुलखातले राजे, अशा गोष्टी ती सांगायची आणि एकेक ओळ वाचून घ्यायची. उंदराने खाल्लेल्या जागी तिने खाकी कागद चिकटवला. इतिहास संपलेला नाही, म्हणाली. जो मला वरून खालपर्यंत न अडखळता मोठ्याने वाचील, तो साक्षरतेच्या परीक्षेला बसेल आणि या कागदावर स्वतःची एक ओळ लिहील. अण्णाजींनी लिहिले : ‘तिसरीतून पळालो. आता परत आलो.’ माझ्या अंगावरचे हे सर्वात खरे वाक्य आहे.

आता याच गावच्या वच्छलाबाईंविषयी. त्यांच्या धाकट्या भावाच्या पहिल्या मुलाचे बारसे हिंगणघाटच्या पुढे वडनेरला होते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. वच्छलाबाई एकट्याच निघाल्या. वर्ध्याच्या स्टँडवर त्यांनी विचारले, ही गाडी हिंगणघाटवरून जाते का? जाते, असे उत्तर मिळाले. ते खरेच होते. गाडी हिंगणघाटवरून वडनेरची वाट सोडून समुद्रपूरला गेली. त्या वडनेरला पोचल्या तेव्हा नाव ठेवून झाले होते आणि घुगऱ्यांचे पातेले घासायला पडले होते. परतल्यावर त्यांनी हर्षाच्या वर्गात नाव घातले. यापुढे गाडीचे कोणाला विचारायचे नाही, एवढा एकच अभ्यासक्रम त्यांनी स्वतःसाठी ठरवला.

सातवाहन वाचले, वाकाटक वाचले, यादव वाचले. मग अठराव्या शतकात गाडी अडली. तिथे छापले आहे : ‘पहिले रघुजी भोसले, नागपूर’. वच्छलाबाई वाचत : “पहिले हे भोसले, नागपूर.”

हर्षा म्हणायची, मावशी, ‘हे’ नाही, नीट बघा. त्या नीट बघत आणि म्हणत, “हेच हायेत ते.” त्या वर्षी हर्षाने वहीत लिहिले, जोडून वाचता येत नाही. परीक्षा हुकली.

यंदा परीक्षा मार्चमधल्या रविवारी होती. भावाकडे पुन्हा पाळणा हलला होता आणि बारसे त्यानंतरच्या गुरुवारी. शुक्रवारी वच्छलाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, भोसल्यांपर्यंत आल्या आणि थांबल्या. हर्षाने वही उघडली.

मागून अण्णाजी म्हणाले, “मॅडम, काऊन छळून राह्यल्या तिले? बंडूजीचं खरं नाव हाये ते. मालकाचं नाव तोंडातून कसं काढीन ती?”

वच्छलाबाईंच्या नवऱ्याला सारा गाव बंडूजी म्हणतो. रघुजी हे नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक होते. हर्षाचा चेहरा उतरला. एक वर्ष तिच्यामुळे गेले होते. ती म्हणाली, मावशी, तेवढा शब्द सोडा, पुढचे वाचा.

“सोडून नाई,” वच्छलाबाई म्हणाल्या. “एक शब्द सोडला तर समुद्रपूरले पोचते मानूस.”

नाव घ्यायची एक वाट बायकांना पूर्वीपासून मोकळी आहे. त्यांनी पदर सावरला आणि भिंतीकडे बघत उखाणा घातला :

“लायनीनं बसले राजे, मंधी पडला नाई खंड,
रघुजीचं नाव घेतो, आता अण्णाजीनं बसावं थंड.”

अण्णाजी खरोखर थंड बसले. वच्छलाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ‘पहिले रघुजी भोसले’ म्हणत थेट स्वातंत्र्य मिळवूनच श्वास घेतला. मग खाकी कागदावर लिहिले : ‘वच्छलाबाई रघुजी परीक्षेले चालली.’ लिहायला कधीच बंदी नव्हती. बायका कधी लिहितील, हे बंदी घालणाऱ्यांच्या डोक्यातच आले नव्हते.

रविवारी त्यांनी पेपर दिला. गुरुवारी वर्ध्याच्या स्टँडवर गाडीची पाटी स्वतः वाचली. शेजारच्या बाईने विचारले, ही वडनेरला जाते का? तर तिला पाटी दोनदा वाचून दाखवली आणि मग गाडीत बसल्या. नाव या वेळी आत्यानेच सांगितले.

तेव्हा मित्रांनो, उशीर झाला म्हणून कोणी लाजू नका. मला तर कपाटावरून उतरायलाच कित्येक वर्षे लागली. जुन्या तक्त्यांना टांगा, वाचा, आणि उरलेल्या जागेत स्वतःचे लिहा.

माझी मात्र एक छोटीशी विनंती आहे. वच्छलाबाई हल्ली येता-जाता भोसल्यांच्या त्या सातव्या ओळीवरून बोट फिरवतात. खुशाल फिरवावे. फक्त त्याआधी बोटाची जवसाची चटणी पुसावी. उंदीर अजून इथेच आहे.