आपट्याच्या पानाआडचं घड्याळ

मित्रांनो, मी अमरावतीच्या राजापेठेतला एक जुना संगणक आहे. मंजुषाताईंच्या ऑनलाइन सेवा केंद्रात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. चौदा वर्षं झाली. मुळात मी पांढरा होतो, आता चहाच्या रंगाचा झालो आहे. कळफलकावरची दोन-चार अक्षरं लोकांच्या बोटांनी कधीच पुसून टाकली. पण मी चालतो, आणि बऱ्यापैकी चालतो! हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या दसऱ्यानंतर माझ्यावर मोठा आळ आला होता.

कारखान्यात मला कुणी घडवलं ते आठवत नाही. माझी पहिली आठवण आहे ती मंजुषाताईंनी माझ्यापुढे नारळ फोडल्याची. त्यानंतर मी किती राबलो! सातबारे काढले, जातीचे दाखले छापले. बारावीच्या निकालाच्या दिवशी तर पोरापोरींची गर्दी पार रस्त्यावर जायची. "ताईचं मशीन लय गुणाचं," असं लोक म्हणायचे आणि मी आतल्या आत फुगायचो. पुढे हातोहाती मोबाईल आले. गर्दी ओसरली, माझ्यावर धूळ बसू लागली. माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी आहे. प्लग काढला तरी वेळ आणि तारीख लक्षात ठेवणं हे तिचं काम. चौदा वर्षांत ती कुणी बदलली नाही. बदलणार कोण? ती आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्राला राबवत नाहीत. ताईंनी नवमीलाच माझा प्लग काढला, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि दसऱ्याला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला. वर आपट्याचं एक पान, म्हणजे दसऱ्याचं सोनं, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवलं. दोन दिवस मी आराम केला. त्या दोन दिवसांत पोटातल्या बॅटरीनं शेवटचा श्वास घेतला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताईंनी मला सुरू केलं तेव्हा माझ्या हिशेबी मध्यरात्रीचे बारा वाजले होते आणि साल होतं दोन हजार दहा!

दुपारी दोनला भातकुलीहून प्रणाली आली. बरोबर तिची आई, बेबीताई. या माळ्याच्या घरच्या. माझ्या गळ्यातला हार त्यांच्याच वाडीतल्या फुलांचा. प्रणालीला नर्सिंगला जायचं होतं. अर्जाची शेवटची वेळ होती त्याच दिवशी संध्याकाळी पाच. तिची कागदपत्रं आठवड्यापूर्वीच स्कॅन करून माझ्या पोटात ठेवली होती. मूळ कागद भातकुलीला घरी होते; इथे फक्त अर्ज भरायचा बाकी होता.

ताईंनी मला अर्जाचं पान उघडायला सांगितलं आणि मी लाल त्रिकोण दाखवला. खाली इंग्रजीत मोठा परिच्छेद. प्रणाली तो वाचायला वाकली, तोवर ताईंनी तो बंद केला.

"सर्वर डाऊन असंन," ताई म्हणाल्या.

दुसरं पान उघडेना, तिसरं उघडेना. ताईंनी इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. वायरी काढून फुंकर मारून पुन्हा लावल्या. ब्राउझरची जुनी साठवण पुसली. मला बटणानं तीनदा झोपवून उठवलं. मी काय करणार? आजकालची पानं उघडण्याआधी ओळखपत्र दाखवतात, आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. माझ्या लेखी साल दोन हजार दहा. पंधरा वर्षांनंतरचं ओळखपत्र मी खरं कसं मानू? मी आपला प्रामाणिकपणे प्रत्येकाला दारातूनच परत पाठवत होतो.

मग ताईंनी स्वतःच्या मोबाईलवर तेच पान उघडून पाहिलं. ते झटकन उघडलं! ताईंनी कपाळाला हात लावला.

"सर्वर चांगला आहे व बेबीताई. हे म्हातारंच गेलं, अन् पोरीचे सारे कागद याच्याच पोटात अडकले. आता भंगारातच टाकतो याले."

चौदा वर्षं ज्यांच्यासाठी राबलो, त्यांच्या तोंडचे हे शब्द. फार लागलं मला. आणि स्वतःपेक्षा जास्त वाईट वाटलं ते त्या पोरीचं. बाजूची दोन्ही केंद्रं सणाच्या सुट्टीनं बंद होती. प्रणाली ओढणीचं टोक पिरगाळत नुसती पडद्याकडे बघत होती.

"आई, आता पुढच्या वर्षीच," ती हळूच म्हणाली.

"पुढच्या वर्षी काहून? तोंडातून असं काढू नको!" बेबीताई डाफरल्या. "थांब, मोटार किती वाजता आहे ते तरी पायतो."

आता हे ऐका, मित्रांनो. बेबीताईंजवळ ना घड्याळ, ना मोबाईल. म्हणून दरवेळी माझ्या कोपऱ्यातली वेळ पाहूनच त्या एसटीला निघत. आज ती वेळ पूजेच्या पानाआड होती, आणि ताईंनी ते पान काढलं नसतं. पण बेबीताईंनी नमस्कार केला, पान अलगद उचललं आणि किंचाळल्याच.

"अव्वा माय! पाच वाजून चाळीस! मोटार गेली अन् फारमबी गेलं!"

प्रणाली रडायलाच लागली. ताईंनी घाईघाईनं मोबाईल पाहिला. "कायचे पाच चाळीस? तीन चाळीस होऊन राहिले." मग त्या माझ्या कोपऱ्याजवळ अगदी नाक लावून वाकल्या. वेळेखाली तारीख होती. एक जानेवारी, दोन हजार दहा.

"अरे देवा! हा बाप्पा पंधरा साल मागं बसून राह्यला, अन् आपण वायरी फुकून राह्यलो!"

ताईंनी तारीख बदलली, वेळ लावली. मी डोळे चोळले. ओळखपत्र तपासलं, अगदी खरं! पान उघडलं. त्या पानावर प्रणालीचं नाव उमटलं तेव्हा मला किती सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येत नाही. चार वाजून पस्तीस मिनिटांनी अर्ज गेला आणि पावतीचा कागद बाहेर आला. बेबीताईंनी तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. प्रणाली रडता रडता हसत होती, आणि ताई डोळे पुसत मलाच दटावत होत्या, "बोलाले काय झालं होतं रे तुले?"

बोललो होतो की! लाल त्रिकोणाखालच्या त्या परिच्छेदात सगळं लिहिलं होतं, की घड्याळ मागे पडलंय, ते आधी नीट लावा.

दुसऱ्याच दिवशी ताईंनी माझं पोट उघडून नवी बॅटरी बसवली. मित्रांनो, आम्हाला वर्षातून एकदा हळदकुंकू लावता, फार बरं वाटतं. पण तसंच वर्षातून एकदा आत डोकावूनही बघा. आणि यंत्र अडलं तर भंगार म्हणण्याआधी ते काय सांगतंय तेवढं वाचा.

त्या दिवशी निघताना बेबीताई दारातून परत आल्या. आपट्याचं ते पान अजून त्यांच्या हातात होतं. या वेळी त्यांनी ते कोपऱ्यात नाही, माझ्या डोक्यावर ठेवलं.

"घे बाप्पा, सोनं घे," त्या म्हणाल्या, "अन् सोन्यासारखा राय."