रविकांतला हरवणारा डेक

आधीच सांगून टाकतो, मी फसवलं नाही. नियम मोडला नाही, पत्ता लपवला नाही, डाव चुकीचा मोजला नाही. एवढं म्हटल्यावर मला बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही, म्हणून हे लिहितोय.

रिसोडला बस स्टँडच्या मागे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, रंगीत प्रिंट, ऑनलाइन फॉर्म. धाकटी बहीण वैभवी कॉम्प्युटरवर फॉर्म भरते आणि मी मशीनजवळ उभा राहून लोकांची आधार कार्डं उलटीसुलटी करतो. बी.एस्सी. होऊन सहा वर्षं झाली. गावात सगळे मला ‘हुशार पोरगा’ म्हणतात. त्या हुशारीचं पुढे काय झालं हे मात्र कोणी विचारत नाही, एवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

रविकांत केनवडकडच्या तांड्यावरचा. तो तीन वर्षं पुण्यात एका गेम कॅफेत साफसफाईला होता. तिथे पोरं पत्त्यांचा एक खेळ खेळायची. आपली रमी नव्हे. या खेळात हजारो वेगवेगळे पत्ते असतात. त्यांतून साठ निवडून प्रत्येकाने आपली जुडी घरूनच बांधून आणायची. तिला डेक म्हणतात. अर्धा खेळ टेबलावर होतो, अर्धा डेक निवडतानाच होऊन गेलेला असतो. रविकांत केर काढता काढता तीन वर्षं लोकांच्या खांद्यावरून बघत राहिला. एक दिवस खेळ सोडून परदेशी चाललेल्या एका गिऱ्हाइकाने पत्त्यांचा आख्खा डबा त्याच्या हातात दिला. त्यात चार पत्ते असे होते की कॅफेतली पोरं नुसती बघत राहिली. त्यांचं इंग्रजी नाव भलंमोठं आहे. आम्ही त्यांना राण्या म्हणायचो.

आई, सोनीबाई, एकटी पडली म्हणून तो परत आला आणि बाजारात एका आडत्याच्या वजनकाट्यावर लागला. मग एकदा माझ्या दुकानात त्या पत्त्यांची चित्रं छापायला आला. मी म्हटलं, हे काय? त्याने तिथेच काउंटरवर मांडून दाखवलं. मला खेळ शिकवला तो त्याने, हेही लिहून ठेवतो.

दोन वर्षं आम्ही खेळलो. जे पत्ते नव्हते ते मी रंगीत छापायचो, कापायचो आणि पारदर्शक पाकिटात साध्या पत्त्याच्या पुढे सरकवायचो. बाजार उठला की रविकांत अंगावरचा भुसा झटकून यायचा आणि दुकानाच्या मागच्या खोलीत डाव मांडायचा. उभ्या तालुक्यात हा खेळ खेळणारे आम्ही दोघंच. खरे पत्ते एकाच डब्यात राहायचे, त्याने आणलेले आणि मी मागवलेलेही. तुझं-माझं कधी केलं नाही.

मग पुण्याच्या स्पर्धेची जाहिरात आली. ऑक्टोबरात, मोठ्या हॉलमध्ये, चारशे खेळाडू. अट एकच अडचणीची होती. छापलेले पत्ते चालणार नाहीत, साठच्या साठ खरे पाहिजेत. बाकी पत्त्यांचं जमत होतं, पण राण्या चारच होत्या, आणि त्याच्याही डेकला त्या लागत होत्या, माझ्याही. म्हणजे जाणार एकच.

“ज्या टेबलाखालून मी तीन वर्स केर काढला ना हरीभाऊ,” रविकांत म्हणाला, “त्या पोट्ट्यायच्या समोर मले एकदा खुर्चीवर बसाचं हाय. हारलो तरी चालते. पण बसाचं हाय.”

“काट्यावरून सुट्टी देतीन का? सोयाबीनचा हंगाम हाय.”

“नाई देल्ली त काम सोडतो.”

यावर खरं म्हणजे मी ‘जा’ म्हणायला पाहिजे होतं. राण्या त्याच्या, खेळ त्याने शिकवलेला, इच्छा त्याची. पण मलाही जायचं होतं. रिसोडच्या बाहेर कुठेतरी एखाद्या यादीत माझं नाव वर लागलेलं मला बघायचं होतं. हरीओम, बी.एस्सी., झेरॉक्सवाला नव्हे. मी गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं त्याला कळलं.

“भांडाचं कायले?” तो हसून म्हणाला. “एकवीस डाव खेळू. ज्याचा डेक आधी अकरा जिंकन, थो जाईन. माणूस नाई निवडाचा, डेक निवडाचा.”

त्याचा डेक सावकाशीचा होता. सुरुवातीला मार खायचा, हळूहळू भिंत रचायची, आणि भिंत पुरी झाली की समोरच्याला हलू द्यायचं नाही. त्याचं म्हणणं, पुण्याची पोरं घाईचे डेक आणतात, चार चालींत संपवायला बघतात. त्यांची पहिली धाव अडवली की त्यांच्याकडे दुसरं काही नसतं. हे त्याने टेबलं पुसताना बघितलेलं होतं. माझा डेक घाईचाच होता.

पहिल्या दोन दिवसांत तो सहा डाव जिंकला, मी दोन. माझी धाव दर वेळी त्याच्या भिंतीवर आपटत होती.

आता ऐका. त्याला डेकमध्ये काही बदल करायचा असला की तो संध्याकाळी यादी व्हॉट्सॲपवर पाठवायचा. उद्या खेळायला छापलेले पत्ते पाहिजेत, आणि छापणारा मीच. कुठला पत्ता काढला, कुठला घातला, किती घातले, सगळं माझ्या मशीनमधून जायचं. माझी यादी त्याने कधी बघितली नाही. मागितलीही नाही.

तिसऱ्या संध्याकाळी त्याची यादी छापायला टाकली आणि मी डब्यातून मोडण्या शोधायला लागलो. समोरच्याने रचलेलं मोडायचं, एवढंच काम करणारे हे पत्ते. आम्ही त्यांना मोडण्या म्हणायचो. डब्यात त्या ढिगाने होत्या, कारण कोणी वापरत नाही. समोरच्याने काही रचलंच नाही तर मोडणी हातात नुसती पडून राहते. पण रविकांत रचायचा. कधी, कुठून, कोणत्या पत्त्याने, हे मला तोंडपाठ होतं. मी चार मोडण्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तीन डाव जिंकलो, एक हरलो. त्याने यादी बदलली, मी ती छापली आणि आणखी आठ घातल्या.

वैभवी फॉर्म भरता भरता म्हणाली, “दादा, तू त्याची यादी पाहूनच डेक बांधून राह्यला ना?”

“मंग छापतानी डोये झाकू का?”

“मी काय म्हणून राह्यली, हा डेक रविदादाले हारवते. पुण्यात रविदादा असन का?”

मी तिला म्हटलं, तुझं काम कर. धाकट्या बहिणीला गप्प करायला मोठ्या भावाला एवढं पुरतं.

शेवट अकरा-आठ झाला. मी माझा अकरावा डाव जिंकलो. रविकांतने आपल्या डेकमधून चारही राण्या काढल्या, पाकिटं शर्टाच्या टोकाने पुसली आणि माझ्यापुढे ठेवल्या.

“तुयाच डेक भारी हाय,” तो म्हणाला. नंतर जरा अडखळून विचारलं, “पण एवढ्या मोडण्या पुण्यात चालतीन का बे?”

“चालतीन. मी अभ्यास केला त्याचा.”

“मंग ठीक. तुले जास्त समजते.” तो खरंच तसं समजत होता, मी शिकलेला म्हणून. काट्यावर तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही, पण माझं ऐकायचा. सोमवारी परत कामाला गेला. नोकरी सोडायची वेळच आली नाही.

पुण्यात हॉलमध्ये ओळीने टेबलं लागली होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, बाकी सगळे बनियनसारख्या टी-शर्टात. पहिल्या फेरीत समोर एक चष्मेवाला पोरगा आला. त्याने काहीही रचलं नाही. पहिल्या चालीपासून धावत सुटला. मी हातातले सात पत्ते बघितले. चार मोडण्या. मोडायला काहीच नव्हतं. पाचव्या मिनिटाला माझा डाव संपला.

हरलं तरी आठही फेऱ्या खेळायच्या होत्या. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत माझी धाव जरा बरी चालली होती, पण नेमक्या वेळी मोडणीमागून मोडणी येत गेली. जिंकल्यावर समोरच्या मुलीने माझा डेक बघायला मागितला. पत्ते चाळत गेली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “बारा? हे तुम्ही कोणासाठी ठेवलेत?” चिडवत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी हसलो आणि डेक परत घेतला. चारशे माणसांच्या हॉलमध्ये मी एका माणसाला हरवायची तयारी करून आलो होतो, आणि तो माणूस दीडशे कोसांवर सोयाबीन मोजत होता.

आठ फेऱ्यांत एक जिंकलो, तीही समोरचा आलाच नाही म्हणून. यादीत माझं नाव शोधायला खालून सुरुवात केली की लवकर सापडत होतं.

घरी निघून जायला पाहिजे होतं, पण लोक अंतिम सामन्याभोवती जमले होते, मीही मागे उभा राहिलो. एका बाजूला घाईचा डेक होता. दुसऱ्या बाजूचा माणूस, तिशीचा असेल, शांतपणे मार खात होता. त्याने पहिला पत्ता रचला आणि पुढचा कोणता येणार ते मला कळलं. तिसरा, चौथा, राणी. भिंत पुरी झाली. तो जिंकला तेव्हा पडद्यावर त्याची यादी लावली. ती मला वाचायची गरज नव्हती, मी ती पंधरा वेळा छापली होती. साठांतले तीन पत्ते वेगळे होते.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. लाज होती, आणि खरं सांगतो, लाजेपेक्षा जास्त राग होता, तो रविकांतवरच. तू एवढा बरोबर कसा होतास, याचा राग.

तेवढ्यात त्याचा फोन आला. मागे ट्रॉल्यांचा आवाज.

“काय झालं हरीभाऊ?”

“हारलो.”

“जाऊ दे ना. डेक कोनते होते?”

“सगळे घाईचे. लयच फास्ट लेका. काहीच टिकत नाई समोर.”

“मंग मोडण्या…”

“मोडण्यायचं सोड. तुया डेक असता त पहिल्याच फेरीत चिरडला असता.”

कोणीतरी त्याला पोत्यांचा आकडा विचारला, त्याने सांगितला. मग हळू आवाजात म्हणाला, “सावकाशीचा कोनीच नोता?”

“एक होता. लवकर हारला.”

“बरं झालं मंग,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर मोकळा झाला. “मले सारखं वाटून राह्यलं होतं का आपलं चुकलं. बरोबरच निवडलं आपण. त्या राण्या तूच ठेव आता, मले काय कामाच्या.”

मी काही म्हणायच्या आत हॉलमधून टाळ्यांचा मोठा कडकडाट आला.

“कायच्या टाळ्या हायेत?”

“बक्षीस देऊन राह्यले.”

“कोनता डेक जिंकला?”

“तुले माहीत नाई थो,” मी म्हणालो.