घोट्याकडे पळणारे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने, चाकांचे स्टूल. संधिवाताच्या डॉक्टरांच्या तपासणीखोलीत माझे आयुष्य गेले.

एका वेल्डरने नळ्या जोडून मला घडवले. त्या भल्या माणसाने चाके इतकी छान बसवली, की डॉक्टर न उठता रुग्णाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरकत जात. सांधे दाबून सूज बघणे हेच त्यांचे काम. "हे स्टूल म्हणजे माझा उजवा हात," असे मोठे डॉक्टर म्हणाले की मी फुशारून जाई. पुढे माझे रेक्झिन फाटले, एक चाक कुरकुरू लागले आणि नवे स्टूल आले. गरज सरो, वैद्य मरो, हे मला वैद्याच्याच घरी शिकायला मिळाले! माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथून मला बाहेर काढले ते मोठ्या बाईंनी. जे आजार बरे होणार नाहीत, त्यांतला त्रास कमी करणाऱ्या आणि रुग्णाशी खरे बोलणाऱ्या त्या डॉक्टर. संधिवाताच्या डॉक्टरांना तसे बोलायला शिकवण्यासाठी त्यांनी वर्ग काढला होता. तुम्ही म्हणाल, सांधे दुखून कोणी मरते का? पण हा आजार कधी कधी फुफ्फुसातही शिरतो, आणि मग औषधांचे फारसे चालत नाही.

वर्गात एक नर्स रुग्ण होई आणि डॉक्टर माझ्यावर बसे. नर्सने विचारावे, "डॉक्टर, मी यातून उठेन ना?" की डॉक्टर सर्रकन सरकून तिचा घोटा दाबू लागे. "इथे दुखतं का?" एकजात सगळे तेच करत.

"प्रश्न छातीचा, आणि तुम्ही घोट्याशी कसे पोचलात?" बाई हसून म्हणत. "आजार रेड्याला, औषध पखालीला!"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पळायला चाके माझीच होती ना! पण बाईंनी मला बोल लावला नाही. त्यांनी चाकात तेल घातले, रेक्झिन शिवून घेतले आणि डॉक्टरांना सांगितले, "स्टूल रुग्णासमोर आणा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवा आणि ऐका." मग सगळ्यात जास्त पळणाऱ्या तरुण डॉक्टरच्या खोलीत त्यांनी मला पाठवून दिले. बाईंचे हे उपकार मी विसरणार नाही.

एके दिवशी त्या खोलीत एक शिंपीणकाकू आल्या. बोटे वाकडी झालेली, आणि आता बोलतानाही धाप लागत होती. सोबत आलेल्या मुलीला त्यांना पुन्हा दवाखान्यात ठेवायचे होते. काकूंचा जीव घराकडे ओढत होता, पण खरे कळल्याशिवाय त्या ठरवणार नव्हत्या.

"इथे राहून मी बरी होणार आहे का? खरं सांगा."

डॉक्टरची टाच उचलली गेली. घोटा समोरच होता. माझी चाके तिकडे वळली. मग त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"नाही, काकू. फुफ्फुसं आता सुधारणार नाहीत. हे सांगताना मला फार वाईट वाटतंय."

"किती दिवस आहेत?"

"नेमकं कुणालाच सांगता येत नाही. पण वर्षं नाहीत, काही महिने असतील. ते तुम्हाला कुठे घालवायचेत?"

"घरी. माझ्या मशीनपाशी."

"मग धापेची औषधं घरीच देऊ. मोठ्या बाईंची माणसं येत राहतील. तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही."

"म्हणजे तुम्ही हात टेकले म्हणा की!" मुलगी कडाडली.

काकूंनी तिचा हात धरला. "अगं, मला कळत होतंच. तुम्ही कुणी बोलत नव्हता, म्हणून मीही गप्प होते."

काही महिन्यांनी मुलगी एकटीच आली. काकू घरीच, शिवणयंत्राशेजारच्या पलंगावर शांतपणे गेल्या होत्या.

"तुमच्यावर फार चिडले होते मी," ती म्हणाली. "पण त्या दिवसानंतर आई माझ्याशी पोटभर बोलली. नाहीतर 'बरी होशील', 'बरी होईन' म्हणत दोघी एकमेकींना फसवत बसलो असतो."

"आणि तुम्ही कशा आहात?" डॉक्टरने विचारले. तेव्हा कुठे तिला रडू फुटले. बाहेर रांग कुरकुरत होती. तो उठला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करत जा, आम्ही दुवा देऊ. पण घरातल्या आजारी माणसाने एखादा अवघड प्रश्न विचारला, तर उशी सारखी करायला किंवा पाणी आणायला धावू नका. त्याच्यापाशी बसा. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" असे म्हणा, पण उठू नका.