सटीची तळी

"आक्का, त्याला विचार, तळी आत भरायची की ओट्यावर?"

सूर्यभानने हे विचारलं तेव्हा अंगद त्याच्यापासून चार हातांवर बसून पायातले काटे काढत होता. बायडाबाई चुलीपुढे वांगी भाजत होती. तिने मान वळवली नाही.

"अंगद, दादा इचारतोय, आत का ओट्यावर?"

"त्येला म्हनावं, आप्पा असताना जिथं भरायची तिथंच भर."

"आतच भरा," बायडाबाई म्हणाली, आणि जळालेलं वांगं उलटलं.

चार वर्षं असंच चाललं होतं. त्यांचे वडील, आप्पा, गेले तेव्हा अंगद कोपरगावकडे ऊसतोडीला होता. निरोप मिळाल्याबरोबर तो निघाला, मिरीजवळ गाडी बंद पडली, आणि तो घरी पोहोचला तेव्हा चिता विझत आली होती. दिवस मावळायच्या आत उरकायला पाहिजे असं गावकऱ्यांनी सांगितलं म्हणून सूर्यभानने अग्नी दिला. अंगद म्हणाला, तासभर थांबला असतास तर काय मढं उठून पळालं असतं? त्यानंतर दोघा भावांत शब्द झाला नाही. जे काय बोलायचं ते थोरल्या बहिणीच्या, बायडाबाईच्या मार्फत.

तरी वर्षातून एकदा, सटीला म्हणजे चंपाषष्ठीला, दोघांना तिसगावजवळच्या या वाडीत यावंच लागे. देव या घरात होते. तळी उचलायला पाच पुरुष लागतात. सूर्यभान आणि त्याचा ओंकार, अंगद आणि त्याचा ज्ञानेश्वर, आणि पाचवा शेजारचा गोरक्षनाथ. सूर्यभान नगरहून गाडी घेऊन यायचा. तो एमआयडीसीत सुपरवायझर होता. अंगद मोटरसायकलवर यायचा आणि संध्याकाळी परत फिरायचा, कारण त्याची बायको ज्योती तिकडे ऊसतोडीच्या कोपीवर असायची आणि टोळी त्याच्यावाचून अडायची.

या वर्षी सूर्यभानची बायको रेश्मा नवा सागवानी डबा घेऊन आली होती. आतून लाल मखमल. तो तिने गाडीतून काढून आणला आणि देवाच्या कोनाड्याखाली ठेवला. बायडाबाईने तो पाहिला आणि वांग्यांकडे परतली.

डबा कशासाठी आहे हे तिला कळलं होतं. दिवाळीत रेश्मा फोनवर बोलली होती. ओंकारचं लग्न तीन ठिकाणी जमता जमता मोडलं. एका जाणत्याने सांगितलं, तुमच्या कुळाचे देव परक्या कुळाची बाई हाताळते, म्हणून असं होतंय.

परक्या कुळाची बाई म्हणजे बायडाबाई. लग्न झालेली लेक नवऱ्याच्या देवांची होते. बायडाबाईचं लग्न झालं होतं, पण नवऱ्याने दुसऱ्याच वर्षी तिला आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला आला नाही. तेव्हा आई नुकतीच गेलेली. लेक घरी का बसली असं चार लोक विचारू लागले, तेव्हा आप्पा पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "देवाचं करायला घरात बाई लागते. मीच ठेवून घेतलीय." तेवढ्यावर गाव गप्प झालं. तेव्हापासून ती रोज सकाळी आंघोळ करून देवांचे टाक धूत होती, चिंचेने घासत होती, भंडारा लावत होती. मग शाळेत जाऊन मुलांची खिचडी शिजवायची, दुपारी दोन शेळ्या घेऊन बांधाने फिरायचं. गावात तिला कोणी टाकलेली म्हटलं नाही. देवाचं करते, असं म्हणत.

देव नगरला गेले तर काय म्हणतील, याचा ती महिनाभर विचार करत होती.

तळीचं ताट तिने भरून ठेवलं होतं. मधे कलश, त्यात विड्याची पानं, भोवती खोबऱ्याच्या वाट्या, सुपाऱ्या आणि भंडारा. गोरक्षनाथ धोतर नेसून आला. पाचही जण ताटाभोवती उकिडवे बसले. दोन्ही भाऊ समोरासमोर येऊ नयेत म्हणून गोरक्षनाथ मधे बसायला गेला, पण ताट गोल होतं.

"सदानंदाचा..." सूर्यभानने आरोळी दिली.

यावर बाकीच्यांनी 'येळकोट' म्हणायचं आणि म्हणता म्हणता ताट उचलायचं. ओंकारने म्हटलं, गोरक्षनाथने म्हटलं. अंगदने म्हटलं नाही. भावाने दिलेल्या हाकेला ओ देणं म्हणजे त्याच्याशी बोलणं झालं असतं. बापाकडे पाहून ज्ञानेश्वरही गप्प राहिला. तिघांनी ताट उचललं, दोघांचे हात खालीच होते. ताट कलंडलं. कलश आडवा झाला, पाणी जमिनीवर पसरलं, खोबऱ्याच्या वाट्या गडगडत चुलीपर्यंत गेल्या.

गोरक्षनाथने आधी कलश सरळ केला. बायडाबाईने सांडलेल्या भंडाऱ्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून तळहाताने तो गोळा केला आणि वाट्या पदराने पुसून पुन्हा ताटात ठेवल्या.

"परत उचला," ती म्हणाली. "अंगद, तू माझ्याकडं बघून म्हन."

दुसऱ्या वेळी गोरक्षनाथने आरोळी दिली. अंगदने बहिणीकडे पाहून येळकोट म्हटलं. तळी उचलली गेली.

"बघा वन्सं," रेश्मा हलक्या आवाजात म्हणाली, "कधी सांडली होती का अशी? मी बोलले की वाईट दिसतं."

"शेळ्यांना पानी दाखवून येतो, मंग जेवतो," असं म्हणून गोरक्षनाथ उठला. त्याच्याकडे शेळ्या नव्हत्या. पण त्याला थांबवायला कोणी गेलं नाही.

पानं मांडली. आषाढापासून बंद असलेली वांगी आज पहिल्यांदा ताटात येत होती. भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा. बायडाबाई वाढत होती. अंगदने पहिला घास घेतला.

"ज्योतीला बांधून दे गं, आक्का. तिकडं वांगं लई महाग पडतंय, आन् चवबी न्हाई."

"दिलंय बांधून."

सूर्यभानने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"आक्का, त्याला सांग, देव आम्ही आज नगरला नेतोय. हॉलमध्ये देवघर केलंय. संगमरवरी."

बायडाबाईच्या हातात भरिताचं पातेलं होतं. सांगायची गरज नव्हती, पण सवयीने तिने अंगदकडे पाहिलं.

"त्येला सांग," अंगद म्हणाला, "देव काय पाव्हने न्हाईत न्यायला. न्यायचेच असतील तर माझ्याकडं येतील. मी काय सावत्र हाय?"

"सांग त्याला, सहा महिने कोपीत असतो तो. पाचटाच्या झोपडीत देव ठेवणार का?"

"कोपीत मानसं ऱ्हात्यात. देवाला काय धाड भरली?"

"आणि थोरला मी आहे."

"थोरली आक्का हाय."

"तिचं काय घेऊन बसलास? तिचं कूळ निराळं."

हे सूर्यभान थेट अंगदला बोलला. चार वर्षांनी पहिल्यांदा. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"बरं, ने मंग," अंगद म्हणाला. त्याने रोडग्याचा तुकडा मोडला. "देव गेल्यावर हे घर कशापायी ठेवायचं? माळवद गळतंय. पाडू आन् जागेचं बघू."

"ते मीही म्हणणार होतो."

"मंग आक्काला बी तूच ने."

"मी?" सूर्यभान थांबला. "अरे, दोन खोल्यांचा फ्लॅट. उद्या ओंकारचं झालं की सून येईल. आक्काला तू ने. कोपीवर ज्योतीला हाताखाली होईल."

"ह्या वयात तिला मोळ्या उचलायला लावू? तुझं डोस्कं ठिकानावर हाय ना?"

"स्वयंपाक तरी करेल की."

"आन् पावसाळ्यात? माझ्या मेहुन्याच्या वट्यावर ऱ्हातोय मी. त्या वट्यावर घालू तिला?" अंगदने ताट बाजूला सारलं. "हे बघ दादा, सरळ बोलतो. जो देव न्हेईल त्यानं आक्काला बी न्यायची. न्हाईतर देवाला हात लावायचा न्हाई."

अंगदने सूर्यभानला दादा म्हटलं होतं. ओंकार आणि ज्ञानेश्वरने एकमेकांकडे पाहिलं. रेश्मा म्हणाली, "सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं असं करता येईल." सूर्यभान म्हणाला, तेही बरं. अंगद म्हणाला, पण मग पावसाळा आपल्याच वाट्याला येणार. मग कोणते महिने कोणाकडे यावर त्यांचं बोलणं चालू राहिलं. दोघे भाऊ एकमेकांकडे तोंड करून बसले होते आणि मधे कोणी नव्हतं.

बायडाबाईने पातेलं खाली ठेवलं.

"देव न्या," ती म्हणाली.

दोघे थांबले.

"दादा, तू ने. तू थोरला हायस. पर मला कुनी न्यायचं न्हाई. मी हितंच ऱ्हाते."

"हितं कुठं?" अंगद म्हणाला.

"ह्या घरात."

"पर घराचं आमी अजून काय ठरवलंच न्हाई."

"म्हनून तर बोलले. ठरल्यावर बोलून काय उपेग?"

सूर्यभान हसल्यासारखं करत म्हणाला, "आक्का, एकटी काय करशील इथं?"

"आजपातूर काय करत हुते?"

"आजपर्यंत देव होते. लोक विचारतील आता, कशासाठी राहिली म्हणून."

"इचारू द्या. आप्पाच्या घरात तुमच्याबरोबर माझाबी वाटा हाय. शाळेतल्या बाईंनी मला मागंच सांगितलं हुतं. मी कदी बोलले न्हाई, आन् जमिनीचं आताबी बोलत न्हाई. ह्या दोन खनांच्या घराचं बोलतेय. पाडायचं तर माझ्या खालून वडून पाडा."

तिचा आवाज चढला नव्हता. वाढताना 'अजून भरीत घ्या' म्हणायची, तसाच होता. रेश्माने काही बोलायला तोंड उघडलं. सूर्यभानने तिला हाताने थांबवलं.

"पावसाळ्यात पडंल हे," अंगद म्हणाला.

"आभाळ यायच्या आत माळवदावर माती टाकून जा. तेवढं कर."

अंगदने मान खाली घातली.

जेवणं उरकली. रेश्माने डबा उघडला. बायडाबाई हात धुऊन कोनाड्याकडे गेली, तेव्हा रेश्मा म्हणाली, "राहू द्या वन्सं. ओंकार उचलेल. त्या जाणत्यांनी तसंच सांगितलंय."

बायडाबाई बाजूला सरकली.

ओंकारने एकेक टाक काढला. खंडोबा, बहिरोबा, देवी. कधी देवाला हात लावला नसल्यामुळे तो घाईत होता आणि घाबरलेलाही. बहिरोबाचा टाक त्याच्या बोटांतून निसटला. बायडाबाईचा हात पुढे गेला, अर्ध्यावर थांबला आणि तिने तो पदरात गुंडाळून घेतला. टाक डब्यातच पडला. मखमलीवर पडल्याने आवाज झाला नाही.

"आत्या, कसे ठेवायचे? उभे का आडवे?" ओंकारने विचारलं.

"आईला इचार," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आडवे ठेव. तोंड वर कर. आन् चिंचंनं घास, त्या पांढऱ्या पावडरीनं नको. नाकडोळे झिजत्यात."

सूर्यभान जाताना तिच्या पाया पडला. पडल्यावर उठायला त्याला वेळ लागला. "येत जा नगरला," तो म्हणाला. ती म्हणाली, "येते." गाडी गेली. अंगदने मोटरसायकलला किक मारली. रोडग्याचं गाठोडं ज्ञानेश्वरच्या मांडीवर होतं. "माती चैतात टाकतो. पट्टा पडल्यावर," अंगद समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. कारखाना बंद होऊन ऊसतोड संपली की पट्टा पडला म्हणत, मग तो परत येई. तो येईल की नाही हे तेव्हाच कळणार होतं.

बायडाबाईने भांडी घासली. कोनाड्यात भंडाऱ्याचा पिवळा थर राहिला होता, तिने तो पुसला नाही. शेळ्या सोडून आणल्या, बांधल्या. तिचं स्वतःचं जेवण राहिलं होतं. ते आठवलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

गोरक्षनाथ तेव्हा आला. गाडी गेलेली त्याने त्याच्या खळ्यातून पाहिली होती, आणि डबाही.

"जेवायला येतो म्हनलो हुतो," तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

"या की. भरीत हाय, रोडगाबी हाय. मीबी जेवायचीच हाय."

देवामुळे या घरात कोणी कधी पायात वहाण घालून आलं नव्हतं. गोरक्षनाथ खाली वाकला, तसं बायडाबाई म्हणाली,

"चपला असू द्या पायात, भाऊ. खाली लई गारठलंय. आता चालतंय."

गोरक्षनाथने वर पाहिलं. कोनाड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग त्याने चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर शेजारी शेजारी ठेवल्या आणि आत आला.

बायडाबाईने दोन ताटं घेतली.