हरणीचं पाणी

साळूबाईनं कुत्री आणली ती माधवनगरहून. भाऊ तिथं गिरणीत होता. गिरणीच्या साहेबाची विलायती कुत्री आणि कुठला तरी गावठी कुत्रा, त्यांची ही अवलाद. साहेब गेला मायदेशी आणि हिच्या नशिबी आल्या लोकांच्या काठ्या. अंग तांबूस, कान लोंबते, आणि स्वभाव म्हणाल तर नुसती गाय. "घिऊन जा हिला," भाऊ म्हणाला, "न्हाईतर मरंल हितं." साळूबाईचा नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला तो गेलाच, पोटी मूलबाळ नाही. घर खायला उठायचं. तिनं कुत्रीला पदराखाली घेतली, हरणी नाव ठेवलं आणि कुंडलजवळच्या आपल्या वाडीवर आणली.

हरणी भुंकायची नाही. कुणादेखत भाकरीला तोंड लावायची नाही. साळूबाईनं चुलीकडं तोंड केलं की मगच गुपचूप खायची. पण वाडीला हे कोण सांगणार? वाडीचा हिशोब एकच, कुत्रं मुकं झालं की समजावं पिसाळलं.

त्यातच एका पिसाळल्या कुत्र्यानं वाडीतल्याच ज्योतिबाच्या गाभण म्हशीला चावा घेतला. म्हैस रेकून रेकून मेली. तेव्हापासून ज्योतिबा डोळ्यांत रक्त आणून कुत्री मारत सुटला होता. भर दुपारी तो चार माणसं घेऊन साळूबाईच्या दारात आला, हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"भावजी, तिनं कुणाला न्हाई चावलं."

"मुकी हाय ती. आमच्याम्होरं पाणी पाज. प्याली तर सोडतो."

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे शेंबडं पोरही जाणतं. साळूबाईनं परातीत पाणी ओतलं. "पी गं माझे बाय. घोटभर पी." हरणीनं पाण्याकडं बघितलं, माणसांकडं बघितलं आणि भिंतीला चिकटून थरथरत राहिली. तहानेनं जीभ बाहेर आली होती बिचारीची, पण तोंड पाण्याकडं जाईना. साळूबाईनं परात आणखी जवळ सरकवली. हीसुद्धा गेली तर आता चूल पेटवायची कुणासाठी?

"सरक, वैनी." ज्योतिबानं दांडा उचलला.

साळूबाई आडवी झाली. "भावजी, तुमची सून नवी आली तवा तुमच्याम्होरं जेवत व्हती का?"

"तिचं काय हितं?"

"तुमी खाकरत भाईर जायचा, तवा पोरीच्या घशाखाली घास उतरायचा. हिचंबी तसंच हाय. पाठ करा. पदर पसरते तुमच्याम्होरं."

"पिसाळल्या कुत्र्याला पाठ करू? याड लागलंय तुला."

"मी मधी बसते. चावली तर आदी मला चावंल."

चौघांतला म्हातारा हरिबा आधी फिरला. मग बाकीचे. ज्योतिबा सगळ्यांत शेवटी, दांडा मुठीत आवळून. साळूबाईनंही हरणीकडं पाठ केली आणि डोळे मिटले.

काहीच ऐकू येईना. तिनं मनातल्या मनात ज्योतिबाचे पाय धरले, देवाचे धरले, मेलेल्या नवऱ्याचेही धरले. ज्योतिबाची चुळबुळ सुरू झाली. आता वळतोय हा, संपलं सगळं, असं तिला वाटलं.

मागं नख वाजलं. परात जराशी सरकली. मग लप, लप, लप.

हरिबाला खोकल्याची जुनी ढास होती. ती नेमकी तेव्हाच उसळून आली. ज्योतिबानं झटक्यात त्याचा दंड धरला.

"खाकरू नगा, तात्या," तो पाठमोराच, दबक्या आवाजात म्हणाला. "पिऊ द्या पोरीला."